डोळ्यांखालच्या पिशव्या आणि काळी वर्तुळं: आधी ओळख, मग उपचार

जवळजवळ दोन वर्षं मी डोळ्यांखाली रंग उजळवणारी क्रीमं लावत होते. एक संपलं की दुसरं. त्वचा दोनदा सोलपटली, एकदा आठवडाभर लाल राहिली आणि काळेपणा होता तिथेच राहिला. मग एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मला खिडकीकडे तोंड करून बसवलं, हातात आरसा दिला आणि हनुवटी वर करायला सांगितली. वर्तुळं जवळपास दिसेनाशी झाली. तो रंग नव्हताच. डोळा आणि गाल यांच्यामध्ये पडलेल्या खळग्याची ती सावली होती, आणि सावली कुठल्याही क्रीमने उजळत नाही.

हा लेख त्यासाठीच लिहिते आहे. 'डार्क सर्कल्स' आणि 'अंडरआय बॅग्ज' या नावांखाली निदान पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात. प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे, आणि एकीचा उपाय दुसरीला लावला तर नुसता वाया जात नाही, कित्येकदा दिसणं आणखी बिघडतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून उपचारांच्या नावांकडे वळण्याआधी आपल्या डोळ्यांखाली नेमकं काय आहे ते शोधू.

त्वचेखाली काय काय असतं

पापणीची त्वचा ही शरीरातली सर्वांत पातळ त्वचा, साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. तिच्याखाली बाकी चेहऱ्यासारखा चरबीचा जाड थर नसतो. लगेच डोळा मिटणारा गोल स्नायू लागतो. तो लालसर-जांभळा असतो आणि पातळ त्वचेतून त्याचा आणि शिरांचा रंग वर उमटतो. स्नायूच्या मागे एक पातळ पडदा आणि त्या पडद्यामागे डोळ्याला गादीसारखी आधार देणारी चरबी. खालच्या पापणीत या चरबीचे तीन कप्पे असतात: नाकाकडचा, मधला आणि कानाकडचा.

वय वाढतं तसा पडदा सैल होतो आणि मागची चरबी पुढे फुगते. ही झाली पिशवी. त्याच काळात गालाची चरबी ओसरते आणि खाली सरकते, डोळ्याच्या खोबणीच्या काठाचं हाडही थोडं झिजतं. मग फुगवटा आणि गाल यांच्यामध्ये नाकाच्या बाजूने तिरकी उतरणारी एक खाच दिसायला लागते. डॉक्टर तिला 'टिअर ट्रफ' म्हणतात. वरून उजेड आला की या खाचेत सावली पडते आणि ती काळ्या वर्तुळासारखी दिसते. काहींच्या चेहऱ्याची ठेवणच अशी असते, त्यामुळे विशीतही खाच आणि पिशवी दिसू शकते. 'तुझी झोप होत नाही वाटतं' हे वाक्य ज्यांना आयुष्यभर ऐकावं लागतं त्यांतल्या बऱ्याच जणांची झोप व्यवस्थित असते. त्यांच्या आईला किंवा वडिलांना तशीच खाच असते, इतकंच.

पायरी १: आरशासमोर दहा मिनिटं

मेकअप पूर्ण काढा. दिवसा, खिडकीसमोर बसा. शक्य असेल तर एकदा सकाळी उठल्याबरोबर आणि एकदा संध्याकाळी हे करा, आणि दोन्ही वेळा त्याच जागी, त्याच अंतरावरून फोटो काढून ठेवा. हे फोटो पुढे प्रत्येक टप्प्यावर कामी येणार आहेत. फोनचं 'ब्युटी' फिल्टर बंद आहे ना, ते आधी बघा.

पहिलं, उजेड. छताचा दिवा डोक्यावर असताना बघा आणि मग चेहऱ्यावर अगदी समोरून उजेड येईल असं बसून बघा. समोरच्या उजेडात काळेपणा बराच कमी झाला तर ती मुख्यतः सावली आहे. तसाच राहिला तर रंग त्वचेत किंवा त्वचेखाली आहे.

दुसरं, ताण. खालच्या पापणीची त्वचा बोटाने हलकेच गालाकडे ओढा. तपकिरी रंग जसाच्या तसा त्वचेबरोबर सरकत असेल तर ते पिगमेंटेशन, म्हणजे मेलॅनिन हे त्वचेतलं रंगद्रव्य. त्वचा ताणल्यावर निळसर-जांभळा रंग आणखी ठळक झाला तर तो रक्तवाहिन्यांचा आणि स्नायूचा रंग आहे, पातळ त्वचेतून दिसणारा. ताणल्यावर काळेपणा विरळ झाला तर सुरकुतलेल्या त्वचेच्या किंवा खाचेच्या सावलीचा संशय घ्या.

तिसरं, नजर. हनुवटी न हलवता फक्त डोळे वर करा. फुगवटा पुढे आला आणि खाली बघितल्यावर कमी झाला तर ती चरबी आहे. नजरेने काहीच फरक पडत नसेल, कडा अस्पष्ट असतील, सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असेल, आदल्या रात्री खारट खाल्लं किंवा रडणं झालं की वाढत असेल, तर ते पाणी साठणं आहे. चरबीची पिशवी सकाळ-संध्याकाळ जवळपास सारखीच असते. सूज मात्र दिवसागणिक बदलते.

चौथं, जागा. फुगवटा खोबणीच्या हाडाच्या वर आहे की खाली, ते बोटाने चाचपा. हाडाच्या खाली, गालाच्या उंचवट्यावर लोंबल्यासारखा अर्धचंद्र असेल तर ती पापणीची पिशवी नाही. त्याला मेलर माउंड किंवा फेस्टून म्हणतात. ते वेगळं आणि उपचाराला फार चिवट प्रकरण आहे. फिलरने, म्हणजे खळगा भरायला त्वचेखाली टोचायच्या जेलने, ते बहुधा वाढतं आणि नेहमीच्या पापणीच्या शस्त्रक्रियेने जात नाही. हा फरक न ओळखता केलेल्या उपचारांनी लोक सर्वांत जास्त निराश होतात, म्हणून या चौथ्या तपासणीला वेळ द्या.

हसताना पापणीच्या केसांच्या लगेच खाली जी बारीक गोल वळी येते ती स्नायूची असते. ती सर्वांनाच असते, तिला हात लावू नका. पिवळसर सपाट चट्टे असतील तर ते कोलेस्टेरॉलशी संबंधित झँथेलाझ्मा असू शकतात, त्यासाठी रक्त तपासा.

बहुतेकांच्या बाबतीत उत्तर एकच येणार नाही. थोडा रंग, थोडी खाच, थोडी चरबी असं मिश्रण असतं. तरी सर्वांत मोठा वाटा कोणाचा, ते कागदावर लिहून ठेवा. पैसे आणि वेळ आधी तिथे जायला हवा.

पायरी २: आजार तर नाही ना

ही पायरी गाळायचा मोह होतो, पण गाळू नका. सतत सर्दी, शिंका, डोळ्यांना खाज अशी ॲलर्जी असेल तर डोळ्यांखालच्या शिरांमध्ये रक्त साकळतं, वर चोळण्याने त्वचा काळी पडते. इथे ॲलर्जीचा उपचार हाच वर्तुळांचा उपचार. नवीन क्रीम, डोळ्यांचा मेकअप, केसांचा रंग यांच्या ॲलर्जीनेही पापणी आधी लाल, खाजरी आणि मग काळी होते. रक्तक्षयात चेहरा फिकट पडतो आणि डोळ्यांखालचा रंग उठून दिसतो. थायरॉइड मंदावलं तर चेहरा आणि पापण्या सुजतात. थायरॉइडच्याच एका विकारात डोळे पुढे येतात आणि पापण्या फुगतात. मूत्रपिंडातून प्रथिनं जात असतील तर सकाळी डोळ्यांभोवती ठळक सूज येते.

काचबिंदूसाठी लॅटॅनोप्रोस्ट किंवा बायमॅटोप्रोस्टसारखे थेंब घालत असाल तर त्यांनी पापणीची त्वचा काळवंडू शकते आणि डोळ्याभोवतीची चरबी आटून डोळा खोल दिसू शकतो. थेंब स्वतःहून बंद करायचे नाहीत, डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारायचं. पापण्या लांब होण्यासाठी मिळणाऱ्या काही सीरममध्येही याच जातीचं औषध असतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

सूज एकाच डोळ्याला असेल, दुखत असेल, लाल आणि गरम असेल, ताप असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा नजर कमी झाली असेल, तर सौंदर्याचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पायरी ३: सुईशिवाय तीन महिने

क्लिनिकची पायरी चढण्याआधी मी प्रत्येकाला तीन महिने द्यायला सांगते. या काळात काहींचं काम भागतं, आणि ज्यांचं भागत नाही त्यांची त्वचा निदान पुढच्या उपचारासाठी तयार होते.

सर्वांत आधी चोळणं थांबवा. डोळे चोळण्याची सवय सुटल्याशिवाय कुठलंही क्रीम टिकाऊ काम करत नाही. मेकअप काढताना कापूस भिजवून पापणीवर काही सेकंद धरा आणि अलगद पुसा.

मग सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा जास्त, झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं, कारण ते डोळ्यांना कमी झोंबतं. सावळ्या-गव्हाळ त्वचेला केवळ अतिनील किरणंच नाही, दिसणारा उजेडही काळवंडवतो. त्यामुळे आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं टिंटेड सनस्क्रीन जास्त उपयोगी पडतं. मोठ्या काचांचा गॉगल वापरला तर दुहेरी फायदा: ऊनही अडतं आणि डोळे बारीक करण्याची सवयही कमी होते.

पिगमेंटेशनसाठी व्हिटॅमिन सी, नियासिनामाइड, ॲझेलेइक ॲसिड, कोजिक ॲसिड यांतलं एखादं निवडा. सगळी एकदम नकोत. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. हायड्रोक्विनोन हे जास्त ताकदीचं औषध आहे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि मोजक्या महिन्यांपुरतंच वापरायचं, वर्षानुवर्षं लावलं तर उलट निळसर-काळे डाग पडू शकतात.

पातळ त्वचा आणि बारीक सुरकुत्यांसाठी रेटिनॉल. आठवड्यातून दोन रात्रींपासून सुरुवात करा, दोन्ही डोळ्यांना मिळून वाटाण्याच्या दाण्याएवढंच, आणि पापणीच्या केसांपाशी नाही तर खोबणीच्या हाडावर. आधी मॉइश्चरायझर, त्यावर रेटिनॉल असं लावलं तर जळजळ कमी होते. गर्भारपणात आणि बाळ अंगावर पीत असताना रेटिनॉल नको.

कॅफिनचं क्रीम किंवा थंड ओला कपडा सूज आणि निळसरपणा काही तासांपुरता कमी करतो. सकाळच्या मीटिंगसाठी ते पुरेसं असतं, पण चरबीच्या पिशवीवर त्याचा काही परिणाम नाही. पाणी साठण्याची तक्रार असेल तर डोक्याखाली एक उशी जास्त घ्या, पालथं झोपणं टाळा, रात्रीचं मीठ आणि मद्य कमी करा.

कन्सीलरला कमी लेखू नका. निळसर वर्तुळावर आधी पीच किंवा नारिंगी छटेचा करेक्टर, त्यावर त्वचेच्या रंगाचा कन्सीलर. खाचेच्या सावलीवर मात्र फक्त खाचेतच, पातळ थरात, किंचित उजळ छटा लावायची. फुगवट्यावर उजळ छटा लावली तर तो आणखी उठून दिसतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते: डोळ्यांखाली स्टिरॉइडचं क्रीम स्वतःच्या मनाने लावू नका. 'गोरेपणाची' म्हणून मिळणाऱ्या कित्येक मिश्रणांत ते असतं. पहिल्या आठवड्यात त्वचा सुंदर दिसते, मग पातळ होते, शिरा दिसायला लागतात, आणि दीर्घकाळ वापरलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो. ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन असं काही लिहिलंय का ते वाचा.

पायरी ४: क्लिनिकमध्ये काय मिळतं आणि ते कोणासाठी

*तपकिरी रंग असेल तर*

सौम्य केमिकल पील, म्हणजे त्वचेचा वरचा थर सोलणारं ॲसिड, बहुधा लॅक्टिक किंवा कमी तीव्रतेचं ग्लायकोलिक ॲसिड, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने चार-सहा वेळा करतात. पापणीजवळचं पील गालावरच्या पीलपेक्षा सौम्यच असायला हवं. सावळ्या त्वचेला खोल पीलने भाजल्यासारखं झालं तर उरणारा डाग मूळ वर्तुळापेक्षा गडद असतो.

लेझरमध्ये पिगमेंटसाठी क्यू-स्विच्ड एनडी याग, १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं, गडद त्वचेसाठी तुलनेने सुरक्षित मानतात. तेही कमी ऊर्जेवर आणि अनेक बैठकांत. आयपीएल, म्हणजे तीव्र प्रकाशाच्या झोतांचा उपचार, गडद त्वचेवर डोळ्यांखाली मी तरी करून घेणार नाही. कुठलंही लेझर पापणीच्या आत, खोबणीच्या हाडाच्या वर चालवणार असतील तर डोळ्यात थेंब टाकून बुबुळावर धातूचं कवच बसवलं पाहिजे. नुसता बाहेरून लावलेला चष्मा तिथे पुरत नाही. कवचाविषयी विचारल्यावर समोरचा माणूस गोंधळला तर उठून यावं.

पिगमेंटचा कल पुन्हा येण्याकडेच असतो. उपचार थांबला, सनस्क्रीन सुटलं, चोळणं सुरू झालं की रंग परततो. 'कायमचं' हा शब्द इथे कोणी वापरला तर सावध व्हा.

*निळसर-जांभळा रंग असेल तर*

खरं सांगायचं तर इथे हमखास उपाय नाही. ठळक दिसणाऱ्या एखाद्या शिरेसाठी अनुभवी हाताने केलेलं लेझर चालतं. त्वचा थोडी जाड व्हावी म्हणून रेटिनॉल, मायक्रोनीडलिंग (अतिशय बारीक सुयांनी त्वचा टोचणं), पीआरपी वापरतात. पीआरपीत आपलंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, प्लेटलेटयुक्त भाग डोळ्यांखाली टोचतात. महिन्याच्या अंतराने साधारण तीन बैठका लागतात. परिणाम माफक आणि माणसागणिक वेगळा. स्वतःचंच रक्त असल्याने ॲलर्जीची भीती कमी, पण दोन-चार दिवस सूज आणि काळंनिळं पडणं ठरलेलं. कार्बन डायऑक्साइड वायू टोचण्याची कार्बॉक्सीथेरपी आणि माशाच्या डीएनएपासून बनवलेली पॉलिन्यूक्लिओटाइड इंजेक्शनंही बऱ्याच ठिकाणी देतात. त्यांच्यामागचा पुरावा अजून तोकडा आहे, म्हणून पहिली निवड म्हणून मी ती सुचवणार नाही.

*खाच असेल तर: फिलर*

हा भाग सविस्तर, कारण सर्वांत झटपट बदल आणि सर्वांत मोठे गैरसमज दोन्ही इथेच आहेत.

डोळ्यांखाली वापरायचं फिलर फक्त हायलुरोनिक ॲसिडचं असावं. कारण एकच: नको झालं तर हायलुरोनिडेज नावाचं एन्झाइम टोचून ते विरघळवता येतं. कॅल्शियमची किंवा कायमस्वरूपी फिलरं इथे नकोत, त्यांची गाठ झाली तर काढणं फार अवघड. डोळ्यांखालच्या खळग्यासाठी म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने पहिल्यांदा एका हायलुरोनिक फिलरला मान्यता दिली ती २०२२ मध्ये. त्याआधीची कित्येक वर्षं डॉक्टर आपल्या अनुभवावर ही फिलरं तिथे वापरत होते.

योग्य उमेदवार कोण? त्वचा बऱ्यापैकी घट्ट, खाच स्पष्ट, पिशवी नाही किंवा अगदी छोटी, आणि सकाळी सुजण्याची सवय नाही. मोठी पिशवी फिलरने 'लपवायला' गेलं तर पिशवीच्या खाली आणखी भर पडते आणि सगळा चेहरा फुगीर दिसतो. सूज येणाऱ्या माणसात तर फिलर पाणी धरून ठेवतं, त्यामुळे सूज वाढते.

प्रमाण थोडं लागतं. बहुधा एका बाजूला अर्धा मिलिलिटर किंवा त्याच्या आसपास. ते खोल, हाडालगत सोडायचं असतं, सुईने किंवा बोथट टोकाच्या बारीक नळीने, म्हणजे कॅन्युलाने. त्वचेच्या फार जवळ गेलं तर पारदर्शक जेलमधून उजेड विखुरतो आणि निळसर पट्टा दिसतो. काळं वर्तुळ घालवायला गेलेला माणूस निळं घेऊन येतो तो असा. त्यामुळे कमी भरा, चार आठवडे थांबा, लागलं तर थोडं वाढवा. पहिल्याच बैठकीत खाच पूर्ण बुजवणाऱ्या हातापेक्षा थोडी शिल्लक ठेवणारा हात चांगला.

हे किती टिकतं? कागदावर नऊ महिने ते दीड वर्ष. पण डोळ्यांखाली हालचाल कमी असल्याने काहींच्या एमआरआयमध्ये ते कित्येक वर्षांनीही दिसलं आहे. म्हणून दर वर्षी ठरल्यासारखं पुन्हा भरून घेऊ नका. आधी आहे त्यातलं किती शिल्लक आहे ते बघायला लावा.

धोक्यांमध्ये काळंनिळं पडणं आणि सूज नेहमीची. गाठी, असमानता, महिन्यांनंतर उगवणारी सूज यांसाठी विरघळवणं हा मार्ग असतो. दुर्मीळ पण गंभीर धोका म्हणजे फिलर रक्तवाहिनीत जाणं. टोचताना किंवा लगेच नंतर तीव्र वेदना, त्वचा पांढरी पडणं, जाळीसारखे जांभळट चट्टे, किंवा नजरेत कुठलाही बदल झाला तर एक मिनिटही थांबायचं नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा, रक्तपुरवठा तुटला तर तो वाचवण्याची संधी तासाभराचीही नसते. क्लिनिकमध्ये हायलुरोनिडेज त्या क्षणी हाताशी आहे का, हा प्रश्न म्हणूनच विचारायचा.

स्वतःची चरबी पोटातून किंवा मांडीतून काढून डोळ्यांखाली भरण्याचाही पर्याय आहे. तिचा काही भाग शरीर शोषून घेतं, उरलेला टिकतो. पण गाठ झाली तर ती विरघळवता येत नाही. हाताची फार सफाई लागते.

*बोटॉक्सविषयी*

बोटॉक्स डोळ्यांच्या कडेला हसताना पडणाऱ्या रेषांसाठी आहे, पिशव्यांसाठी नाही. थेट खालच्या पापणीत दिलं तर पडद्याला आधार देणारा स्नायू सैल पडून पिशवी वाढू शकते.

*सैल, चुरगळलेली त्वचा असेल तर*

फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड किंवा अर्बियम लेझर आणि रेडिओफ्रिक्वेन्सी मायक्रोनीडलिंग यांनी त्वचा काही प्रमाणात आकसते. गडद त्वचेवर लेझरनंतर काळे डाग पडण्याची शक्यता जास्त, तिथे रेडिओफ्रिक्वेन्सी तुलनेने सौम्य.

चरबी विरघळवणारं इंजेक्शन मात्र कोणी डोळ्यांखाली सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. डीऑक्सिकोलिक ॲसिडला २०१५ मध्ये मान्यता मिळाली ती हनुवटीखालच्या चरबीसाठी. डोळ्याच्या खोबणीत ते घालणं धोक्याचं आहे.

पायरी ५: चरबीची पिशवी आणि शस्त्रक्रिया

वर नजर केल्यावर फुगणारी खरीखुरी पिशवी असेल तर तिचा टिकाऊ उपाय एकच: खालच्या पापणीची शस्त्रक्रिया, म्हणजे ब्लेफरोप्लास्टी. क्रीम, मसाज, रोलर यांनी पडद्यामागची चरबी हलत नाही. वर्षानुवर्षं छोट्या-छोट्या उपचारांवर पैसे घालवून शेवटी शस्त्रक्रियेकडे येणारे खूप. सुरुवातीलाच एकदा सर्जनचं मत घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांच्यापैकी बहुतेक म्हणतात.

दोन मुख्य वाटा आहेत. एक आतून: खालची पापणी उलटी करून तिच्या आतल्या गुलाबी अस्तरातून चरबीपर्यंत पोहोचतात. बाहेर व्रण नाही, पापणी खाली ओढली जाण्याचा धोका कमी. त्वचा घट्ट असलेल्यांसाठी ही उत्तम. दुसरी बाहेरून: पापणीच्या केसांच्या एक-दोन मिलिमीटर खाली छेद घेऊन चरबीबरोबर जादा त्वचाही कमी करतात. गरज असेल तर डोळ्याचा बाहेरचा कोपरा टाक्याने घट्ट करतात, त्याला कॅन्थोपेक्सी म्हणतात.

पूर्वी चरबी सढळ हाताने काढून टाकत. दहा-पंधरा वर्षांनी तेच डोळे खोल, आजारी दिसायला लागत. आता बरेच सर्जन चरबी शक्यतो राखतात आणि तीच फुगलेली चरबी हाडाच्या काठावरून खाली, खाचेत सरकवतात. पिशवी आणि खाच दोन्ही एकदम सुटतात. 'तुम्ही चरबी काढणार की सरकवणार, आणि माझ्या बाबतीत का?' हा प्रश्न सल्लामसलतीत जरूर विचारा. उत्तरावरून बरंच काही कळतं.

शस्त्रक्रिया साधारण एक ते दोन तासांची, जागेवरच्या भुलीत झोपेच्या औषधासह किंवा पूर्ण भुलीत. बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. रंग मात्र शस्त्रक्रियेने जात नाही. सावली जाते, मेलॅनिन तिथेच राहतं. तपकिरी वर्तुळांसाठी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याला निराशाच पदरी येते.

धोके नीट समजून घ्या. डोळे कोरडे पडणं, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर सूज, खालची पापणी ओढली जाऊन बुबुळाखालचा पांढरा भाग दिसणं. डोळा फिरवणारा एक छोटा स्नायू नाकाकडच्या आणि मधल्या चरबीच्या अगदी मधून जातो, त्याला इजा झाली तर एकाचे दोन दिसू शकतात. सर्वांत गंभीर म्हणजे डोळ्यामागे रक्तस्राव. तो साधारण दोन हजारांत एकाला होतो आणि त्यातून कायमची दृष्टी जाण्याचं प्रमाण वीस हजारांत एकाच्या आसपास सांगतात. आकडा लहान आहे, पण तो ठाऊक असायला हवा, कारण रक्तस्राव वेळेवर ओळखला तर डोळा वाचतो.

डोळे आधीच कोरडे असतील, डोळा गालाच्या हाडापेक्षा पुढे आलेला असेल किंवा चष्म्याचा नंबर घालवणारं लेझर गेल्या काही महिन्यांत झालं असेल, तर हे सर्जनला आपणहून सांगा. चांगला सर्जन अश्रूंची चाचणी करतो आणि खालची पापणी ओढून सोडून ती किती चटकन जागेवर येते ते बघतो. हे न करता थेट तारीख देणाऱ्याकडे मी जाणार नाही.

पायरी ६: डॉक्टर निवडताना

रंगासाठी त्वचारोगतज्ज्ञ. पिशवीसाठी ऑक्युलोप्लास्टिक सर्जन, म्हणजे पापण्यांच्या शस्त्रक्रियेत वेगळं प्रशिक्षण घेतलेले नेत्रतज्ज्ञ, किंवा चेहऱ्याचं काम नियमित करणारे प्लास्टिक सर्जन. फिलर यांच्यापैकी कोणीही देऊ शकतं, पण देणारा माणूस वैद्यकीय पदवीधर आणि डोळ्यांखालच्या कामाचा अनुभवी असावा. ब्युटी पार्लरमध्ये डोळ्यांखाली सुई घेऊ नका.

बरोबर तुमचे सकाळ-संध्याकाळचे फोटो आणि दहा वर्षांपूर्वीचा एखादा फोटो न्या. तुमच्याच वयाच्या आणि तुमच्याच त्वचेच्या रंगाच्या रुग्णांचे आधीचे-नंतरचे फोटो मागा, आणि उजेड दोन्हींत सारखा आहे का ते बघा. बिघडलं तर दुरुस्ती कोण करणार आणि तिचा खर्च कोणाचा, हे आधीच विचारा. फिलर घेतलं तर त्याचं नाव आणि बॅच क्रमांक लिहून घ्या. पहिल्याच भेटीत 'आज केलं तर सवलत' असं ऐकू आलं तर घरी या.

पायरी ७: आधीची तयारी, नंतरची काळजी

रक्त पातळ करणारी औषधं, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, माशाच्या तेलाच्या, व्हिटॅमिन ईच्या किंवा जिंकोच्या गोळ्या, यांची यादी डॉक्टरांना द्या. हृदयासाठी किंवा पक्षाघातानंतर ॲस्पिरिन चालू असेल तर ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय थांबवू नका, सौंदर्याच्या उपचारासाठी तर मुळीच नाही. शस्त्रक्रियेच्या निदान चार आठवडे आधीपासून धूम्रपान बंद. लग्न, मुलाखत असा मोठा दिवस असेल तर फिलर किमान चार आठवडे आधी आणि शस्त्रक्रिया किमान तीन महिने आधी.

शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन दिवस जागेपणी दर तासाला दहा-पंधरा मिनिटं थंड शेक, डोकं उंच ठेवून झोपणं, वाकणं आणि जड उचलणं बंद. बाहेरचे टाके पाच ते सात दिवसांत निघतात. काळंनिळं दहा ते चौदा दिवसांत ओसरतं. मेकअप आणि कॉन्टॅक्ट लेन्स डॉक्टर सांगतील तेव्हाच, बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यानंतर. व्यायामाला दोन-तीन आठवडे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चेहरा सर्वांत वाईट दिसतो, दोन्ही बाजू सारख्या नसतात, आणि त्या दिवशी बहुतेकांना रडू येतं. हे अपेक्षितच आहे, घरच्यांनाही आधी सांगून ठेवा.

पहिल्या रात्री मात्र कोणीतरी सोबत असू द्या. एका डोळ्यात एकाएकी वाढत जाणारी वेदना, डोळा ताठ होऊन पुढे येणं, नजर धूसर होणं यांपैकी काही झालं तर वेदनाशामक घेऊन सकाळची वाट बघायची नाही. सर्जनला फोन आणि लगेच रुग्णालय. तो फोन नंबर घरी निघण्याआधी कागदावर लिहून घ्या आणि रात्री उचलतात ना, हेही विचारा.

उरलेली बारीक सूज उतरायला तीन महिने, कधी सहा लागतात. तोपर्यंत आरशात रोज दोन्ही डोळ्यांची तुलना करण्यापेक्षा महिन्यातून एकदाच, त्याच खिडकीसमोर, त्याच अंतरावरून फोटो घ्या आणि पहिल्या फोटोशेजारी ठेवून बघा.